हरवलेल्या रुपयाचा इतिहास

तीन प्रवासी रात्रीच्या मुक्कामासाठी एका हॉटेलात उतरतात. खोलीचे भाडे तीस रुपये सांगितले जाते आणि प्रत्येक जण दहा रुपये देतो. थोड्या वेळाने व्यवस्थापकाच्या ध्यानात येते, की खोलीचे भाडे पंचवीसच रुपये आहे. तो नोकराजवळ पाच रुपये देऊन ते परत करण्यास सांगतो. पाच रुपये तिघांत सारखे वाटता येत नाहीत, म्हणून नोकर प्रत्येकास एक रुपया परत देतो आणि उरलेले दोन आपल्या खिशात टाकतो. आता प्रत्येक प्रवाशाचे नऊ रुपये खर्च झाले; नऊ त्रिक सत्तावीस. नोकराजवळ दोन, सत्तावीस आणि दोन एकोणतीस. मग तिसावा रुपया गेला कोठे?

हिशेबातील खोट शोधणे हा ज्यांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे, अशा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हे कोडे कधी ना कधी ऐकले असेल. त्याचे उत्तरही अवघड नाही. प्रवाशांनी दिलेल्या सत्तावीस रुपयांतच नोकराचे दोन रुपये आलेले आहेत: पंचवीस व्यवस्थापकाच्या पेटीत, दोन नोकराच्या खिशात. त्या सत्तावीसांत ते दोन पुन्हा मिळविण्याचे कारण नाही. तीसचा मेळ घालावयाचा असेल, तर परत मिळालेले तीन रुपये सत्तावीसांत मिळविले पाहिजेत. रुपया हरवलेला नाही; नको ती बेरीज केली गेली, एवढेच.

परंतु ह्या उत्तराने कोडे सुटले, तरी त्यातील खरा प्रश्न सुटत नाही. येथे अंकगणिताचा एकही नियम मोडलेला नाही. गुणाकार बरोबर आहे, बेरीजही बरोबर आहे. तरीही निष्कर्ष खोटा आहे. म्हणजे दोष गणिताचा नसून तर्काचा आहे, आणि बरोबर आकड्यांच्या आड तो सुखाने लपलेला आहे. अशा लपलेल्या तर्कदोषांची परंपरा मोठी जुनी आहे. त्या परंपरेचे थोडे दर्शन घडवावे, आणि ती केवळ करमणुकीची बाब नाही हे दाखवावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

आपल्या नैयायिकांनी ह्या प्रकारच्या लबाडीस एक नेमके नाव दिले होते. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत ‘छल’ हा एक आहे, आणि त्याचे वाक्छल, सामान्यछल व उपचारछल असे तीन प्रकार सांगितले आहेत. वाक्छलाचे वात्स्यायनाच्या भाष्यातील उदाहरण आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मार्मिक आहे, कारण तेही संख्येचेच आहे. एखाद्या मुलाच्या अंगावर नवे कांबळे पाहून कोणी म्हणतो, की हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. त्यावर प्रतिपक्षी ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ करून विचारतो, की ह्याच्याजवळ नऊ कांबळी आहेत कोठे? दिसते तर एकच. प्रतिपक्ष्याची मोजणी निर्दोष आहे, पण जी गोष्ट मोजावयाची नव्हती ती त्याने मोजली. हरवलेल्या रुपयाच्या कोड्यातही ‘आणि’ ह्या साध्या शब्दाने असेच काम केले आहे. खर्चलेल्या रकमेस त्याच रकमेचा एक भाग जोडून तो श्रोत्याच्या गळी उतरविला आहे.

वेदांत्यांची दशमाची गोष्ट हीही ह्याच कुळातील. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. कोणी वाहून तर गेला नाही ना, हे पाहण्यासाठी एकाने मोजले, तो नऊच भरले. दुसऱ्याने मोजले, तरी नऊच. शेवटी ‘दहावा तू आहेस’ असे एका वाटसरूने सांगितले, तेव्हा शोक संपला. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त हा दृष्टांत आत्मज्ञानासाठी योजला आहे, परंतु हिशेबनिसानेही त्यापासून धडा घ्यावा असा तो आहे. प्रत्येकाची नऊपर्यंतची गणती बरोबरच होती. आपण कोणाला मोजीत आहो आणि कोणाला वगळीत आहो, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते.

व्यापारी जगाने ह्या प्रकारच्या भ्रमावर एक उपाय फार पूर्वीच काढला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली ह्या गणितज्ञ संन्याशाने १४९४ साली छापून प्रसिद्ध केली. प्रत्येक रक्कम एका बाजूस नावे, तर दुसऱ्या बाजूस जमा. दोन्ही बाजू समान भरल्याच पाहिजेत. ह्या शिस्तीत प्रवाशांचा खर्च आणि नोकराची प्राप्ती एकाच बाजूस लिहिता येत नाही, आणि रुपया हरवू शकत नाही. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आर. एम. अब्राहम यांच्या करमणुकीच्या कोड्यांच्या पुस्तकातील एक कोडे ह्या कसोटीवर पाहण्याजोगे आहे. न्यूयॉर्कला परतणाऱ्या एका प्रवाशाजवळ दहा डॉलरांची पोस्टाची मनीऑर्डर तेवढी आहे, आणि तिकीट सात डॉलरांचे. तिकिटाचा कारकून मनीऑर्डर घेत नाही, म्हणून प्रवासी ती समोरच्या सावकाराकडे सात डॉलरांस गहाण टाकतो. वाटेत भेटलेला मित्र ती गहाणाची पावती त्याच्याकडून सात डॉलरांस विकत घेतो. प्रवासी तिकीट काढतो, आणि न्यूयॉर्कला पोहोचतो तेव्हाही त्याच्याजवळ सात डॉलर शिल्लक असतात. तोटा कोणाचा झाला? ऐकताना कोणाचाच झालेला दिसत नाही. पण दोन बाजू मांडल्या, की उत्तर हाती येते. प्रवाशाने दहाचा कागद दिला आणि त्याला चौदा मिळाले; त्याचा लाभ चार. मित्राने सात देऊन पावती घेतली, आणखी सात देऊन कागद सोडविला, आणि त्याला मिळाले दहा. त्याचा तोटा चार. सावकाराचे सात गेले आणि सात आले.

काही कोड्यांत लपविलेली गोष्ट प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात असते. मृत्युपत्राने सतरा उंट तीन मुलांना ठेवले: थोरल्यास अर्धे, मधल्यास तिसरा हिस्सा, धाकट्यास नववा. सतरांची अशी वाटणी होईना. तेव्हा एका शहाण्याने आपला उंट त्यांत मिळवून अठरा केले, नऊ, सहा व दोन असे वाटून दिले, आणि उरलेला आपला उंट घेऊन तो चालता झाला. अठराव्या शतकातील इराणी पंडित मुल्ला महंमद महदी नराकी यांच्या लेखनात ही गोष्ट आढळते. आपल्याकडे उंटांचे कधी घोडे होतात, तर कधी हत्ती. ऐकणारा शहाण्याच्या चातुर्यावर खूष होतो आणि मृत्युपत्राकडे पाहावयाचे विसरतो. अर्धा, तृतीयांश आणि नवमांश ह्यांची बेरीज एक होत नाही. ती सतरा-अठरांश होते. बापाने आपली संपत्ती पूर्ण वाटलीच नव्हती. न वाटलेला अठरावा भाग त्या पाहुण्या उंटाने मुलांना त्यांच्या हिश्शांच्या प्रमाणात वाटून दिला, आणि म्हणून प्रत्येकास मृत्युपत्रापेक्षा किंचित अधिक मिळाले.

येथवरची कोडी सावध मनुष्याला फार काळ फसवू शकत नाहीत. परंतु दुसरी एक जात आहे, जी कोड्यांच्या पुस्तकांतून निघून थेट राज्यकारभारात शिरली. ती सरासरीची.

तिचा एक जुना नमुना अल्क्विनच्या नावावर चालत आलेल्या लॅटिन संग्रहात सापडतो. अल्क्विन हा मूळचा इंग्लंडातील यॉर्कचा. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्लमेनने त्याला आपल्या दरबारच्या शाळेवर नेमले. तरुणांच्या बुद्धीस धार यावी म्हणून रचलेल्या ह्या संग्रहात दोन व्यापाऱ्यांचे उदाहरण आहे. त्यांनी शंभर सॉलिडसांना अडीचशे डुकरे घेतली. दर, दोन सॉलिडसांस पाच. पुढे त्यांनी सव्वाशे-सव्वाशेचे दोन कळप केले. चांगला कळप सॉलिडसला दोन ह्या दराने आणि हलका सॉलिडसला तीन ह्या दराने विकावयास काढला. दोन आणि तीन मिळून पाच, म्हणजे पुन्हा दोन सॉलिडसांस पाचच. खरेदीचाच भाव, मग नफा कोठून? परंतु प्रत्येक कळपातील एकशेवीस विकताच साठ आणि चाळीस मिळून त्यांचे शंभर सॉलिडस वसूल झाले, आणि दहा डुकरे फुकटात उरली!

हेच कोडे पुढे इंग्रजी पुस्तकांत उलटे होऊन आले. बाजारात दोन बायांजवळ तीस-तीस सफरचंदे आहेत. एक पेनीला दोन देते, दुसरी पेनीला तीन. वेगवेगळी विकली तर पंधरा आणि दहा मिळून पंचवीस पेन्स येतात. पण दोघींनी माल एकत्र करून दोन पेन्सना पाच असा भाव ठेवला, तर साठ फळांचे चोवीसच पेन्स होतात. एक पेनी जाते कोठे?

हा दोष पहिल्या कोड्यापेक्षा सूक्ष्म आहे. दोन पेन्सना पाच हा भाव, पाचांत दोन महाग आणि तीन स्वस्त फळे असतील तरच खरा. साठ फळांचे असे बारा वाटे होतात. त्यांना चोवीस महाग आणि छत्तीस स्वस्त फळे लागतील. प्रत्यक्षात तीस-तीस आहेत. म्हणजे सहा महाग फळे स्वस्ताच्या भावाने गेली. दर फळामागे पेनीचा सहावा हिस्सा, आणि सहा फळांमागे बरोबर एक पेनी. अल्क्विनच्या व्यापाऱ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट घडली. अडीचशे डुकरांचे पन्नास वाटे होतात, आणि त्यांत शंभरच महाग असावयास हवी होती. ती सव्वाशे निघाली. पंचवीस डुकरांनी चढा भाव खाल्ला, आणि चार पूर्णांक एक-षष्ठांश सॉलिडसांचा नफा झाला. भावांची सरासरी काढताना कोणत्या भावाने किती नग गेले, हे दोन्ही ठिकाणी विसरले गेले आहे.

हे न विसरण्याची रीत आपल्याकडे सोनाराच्या तराजूशेजारी होती. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त सुवर्णगणिताचे प्रकरण आहे. निरनिराळ्या कसांचे सोने एकत्र आटविले तर कस किती येईल, हा त्यातील प्रश्न. आचार्यांचे उदाहरण असे: तेरा, बारा, अकरा आणि दहा वर्णांचे सोने अनुक्रमे दहा, चार, दोन आणि चार मासे आहे. उतावळा मनुष्य चारही वर्णांची बेरीज करून चारांनी भागील आणि साडेअकरा हे उत्तर देईल. ‘लीलावती’चा नियम तसा नाही. प्रत्येक वर्णास त्याच्या वजनाने गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि एकूण वजनाने भागावे. एकशेतीस, अठ्ठेचाळीस, बावीस आणि चाळीस मिळून दोनशेचाळीस, भागिले वीस, उत्तर बारा. साडेअकरा आणि बारा ह्यांतील अर्ध्या वर्णाचा फरक सोनाराला परवडणारा नव्हता, म्हणून त्याचे गणित शुद्ध राहिले. ज्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याच्या नातवाने, चांगदेवाने, खानदेशातील पाटण येथे मठ स्थापन केल्याचा शिलालेख आजही सांगतो, त्या गणितज्ञाचा हा नियम आहे, याचा मराठी वाचकांस अभिमान वाटावा हे साहजिक आहे.

भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’त एक जुने उदाहरण दिले आहे. ते उलट्या बाजूने हेच शिकविते. तीन व्यापाऱ्यांजवळ सहा, आठ आणि शंभर पण भांडवल होते. तिघांनी एकाच भावाने पाने घेतली, एकाच भावाने विकली, उरलेली पाने पाच पणांना एक ह्या दराने विकली, आणि तिघांजवळ सारखेच धन झाले. ऐकताना हे अशक्य वाटते. परंतु पणाला ५४९ पाने ह्या भावाने घेऊन पणाला ११० ह्या भावाने विकली, असे धरून पाहावे. सहा पणवाल्याची २९ पणांची विक्री होऊन १०४ पाने उरतात. आठवाल्याची ३९ पणांची होऊन १०२. शंभरवाल्याची ४९९ पणांची होऊन अवघी १०. उरलेल्यांचे पाचपट मिळविले, की तिघांचेही ५४९ पण होतात. एक कोडे खरे भासून खोटे निघते, दुसरे खोटे भासून खरे निघते. आणि दोहोंचा निकाल लागतो तो कोणत्या भावाने किती माल गेला, ह्या एकाच प्रश्नावर.

आता कोड्यांचा प्रांत सोडून सरकारी दप्तराकडे वळू. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे अध्यापन केलेले दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. देशाचे दरडोई उत्पन्न किती, हे त्यांना सरकारच्याच आकड्यांवरून काढावयाचे होते. प्रांतोप्रांतीचे अहवाल त्यांनी समोर घेतले, तेव्हा त्यांना प्रथमच आढळले ते हे, की त्या अहवालांतील सरासऱ्या विश्वासार्ह नाहीत. निरनिराळ्या जिल्ह्यांतील भावांचे किंवा दर एकरी पिकाचे आकडे एकाखाली एक लिहावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागावयाचे, अशी ती रीत होती. कोणत्या जिल्ह्यात किती पिकले आणि किती माल त्या भावाने विकला गेला, याची दखलच नव्हती. पेनीला दोन आणि पेनीला तीन मिळून दोन पेन्सना पाच, हे बाजारातील बायांचे तर्कशास्त्र प्रांतांच्या अहवालांत जाऊन बसले होते. दादाभाईंनी ही पद्धत सदोष ठरविली आणि उत्पन्नाचा हिशेब स्वतः नव्याने मांडला.

ह्या चुकीने काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जिल्ह्यात दहा हजार एकर पिकाखाली आहेत आणि एकरी आठ मण धान्य येते. शेजारच्या जिल्ह्यात नव्वद हजार एकर आहेत आणि एकरी चारच मण येते. आठ आणि चार मिळून बारा, भागिले दोन; सरासरी सहा मण. एक लाख एकरांचे सहा लाख मण धान्य अहवालात नोंदले जाईल. शेतांत मात्र ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार मिळून चार लाख चाळीस हजार मणच पिकलेले असेल. राहिलेले एक लाख साठ हजार मण केवळ कागदावर पिकले. हॉटेलातला हरवलेला रुपया कोणाच्याच खिशातून गेलेला नव्हता. पण ह्या कागदी धान्यावर जर कोणी सारा ठरविला, किंवा दुष्काळात मदतीची गरज नाही असा शेरा मारला, तर ते धान्य कोणाच्या तरी पोटातून वजा होणारच.

दादाभाईंच्या हिशेबाने दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये भरले. तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च त्यांनी त्याच्या शेजारी मांडला, आणि सामान्य रयतेच्या वाट्यास तेवढेही येत नाही हे दाखविले. पुढे १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी सत्तावीस रुपयांचा अंदाज केला, आणि १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी तीस रुपयांचा आकडा सांगितला. ह्या आकड्यांतील सर्व अंतर सरासरीच्या चुकीमुळे पडले, असे म्हणणे हाही एक तर्कदोषच ठरेल, कारण वर्षे निराळी होती आणि रीतीही निराळ्या होत्या. परंतु एका राष्ट्राच्या दारिद्र्याचा वाद जेव्हा प्रथम अंकांच्या भाषेत मांडला गेला, तेव्हा त्याच्या आरंभीच सरासरी कशी काढावी हा शाळकरी वाटणारा प्रश्न उभा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तर मग नेहमी वजनाने गुणावे आणि एकूणाने भागावे, म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. तेवढ्यानेही निभत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या ८,४४२ पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, आणि ४,३२१ स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. स्त्रियांवर अन्याय झाला, असे ह्या एकत्रित आकड्यांवरून उघड दिसत होते. बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी विभागवार आकडे तपासून १९७५ साली आपला लेख प्रसिद्ध केला. विभागाविभागात पाहिले असता तसा पक्षपात आढळत नव्हता. स्त्रियांचे अर्ज मोठ्या प्रमाणात अशा विभागांकडे गेले होते, की जेथे स्त्री असो वा पुरुष, प्रवेश थोड्यांनाच मिळत असे. येथे एकूणाने भागूनच भ्रम झाला, आणि वेगवेगळे पाहिल्याने तो फिटला. अर्थात, स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न प्रवेश समितीच्या दारातून निघून समाजाच्या दारात जातो, हेही त्या लेखकांनी नमूद केले आहे.

तेव्हा नियम पाठ करून भागत नाही. प्रांतात एकूण धान्य किती, हा प्रश्न असेल तर जिल्ह्यांचे क्षेत्र हिशेबात घेतलेच पाहिजे. विभागांनी न्याय केला काय, हा प्रश्न असेल तर विभाग एकमेकांत मिसळता कामा नयेत. आकडे तेच असतात; प्रश्न बदलला, की ते कसे जोडावे हे बदलते. नैयायिकांनी छलावर सांगितलेला उपायही मुळात हाच आहे: वक्त्याच्या शब्दाचा अभिप्रेत अर्थ कोणता, हे आधी ठरवावे आणि मगच त्याचे खंडन करावे. प्रतिपक्ष्याने ‘नव’ म्हणजे नवे की नऊ एवढे आधी विचारले असते, तर त्याला कांबळी मोजावी लागली नसती.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावरून दर महिन्यास असे तक्ते जात असतील, की ज्यांत तालुक्यांची किंवा शाखांची टक्केवारी एकाखाली एक मांडलेली असते आणि शेवटच्या ओळीत ‘सरासरी’ असे लिहिलेले असते. त्या ओळीखाली सही करण्यापूर्वी भास्कराचार्यांचे सोने एकदा आठवावे. वर्णाच्या रकान्याशेजारी त्यांनी माशांचा रकाना ठेवला होता. आपल्या तक्त्यात तो रकाना नसेल, तर तक्ता परत पाठवून तो मागवून घ्यावा.